सुया चालतील, पुड्या नकोत

पत्र :

डॉक्टर, माझं वय ४१. दोन वर्षं पोटानं छळ मांडलाय. चार घास खाल्ले की पोट डब्ब होतं, पुढचं जेवण नकोसं वाटतं. कधी तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही, आणि कामाची महत्त्वाची मीटिंग असली की त्याच सकाळी तीनदा पळावं लागतं. रक्ततपासणी, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, सगळं नॉर्मल आलं. ‘आयबीएस आहे, म्हणजे आतडी हळवी आहेत, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून ॲसिडिटीची गोळी दिली. ती वर्षभर घेतेय, फरक शून्य. एका मैत्रिणीला ॲक्युपंक्चरनं बरं वाटलं म्हणून मीही गेले. तिथल्या गृहस्थांनी जीभ पाहिली, दोन्ही हातांची नाडी पाहिली, खूप वेळ बोलले. म्हणाले, यकृतातली ऊर्जा तुंबलीय, ती पोटावर निघते. पोटावर आणि गुडघ्याखाली सुया लावल्या. त्या दिवशी खरंच हलकं वाटलं. आता ते म्हणतात, चोवीस सिटिंग घ्या, पैसे आगाऊ भरा, सोबत या पुड्या घ्या आणि गोळी आजपासून बंद करा. पुड्यांवर काहीच लिहिलेलं नाही. यकृताची तपासणी पुन्हा करू का? नवरा म्हणतो, हे सगळे मनाचे खेळ आहेत. जाऊ की नको?

उत्तर :

जायचं असेल तर जा. पुड्या घेऊ नका, चोवीस सिटिंगचे पैसे आगाऊ भरू नका, आणि गोळी त्यांच्या सांगण्यावरून एका दिवसात बंद करू नका. तुमच्या पत्रात सुया आणि पुड्या एका दमात आल्या आहेत, पण त्यांचा हिशेब वेगवेगळा आहे. सुई टोचली, अर्ध्या तासानं काढली, संपलं. पुडी पोटात जाते, रक्तात उतरते, यकृत आणि मूत्रपिंडांतून जाते आणि महिनोन्महिने चालू राहते.

पण त्याआधी एक. ‘सगळं नॉर्मल’ हे दोन शब्द मी जरा जपूनच वाचतो, कारण तपासणी कुठली केली त्यावर ते अवलंबून असतं. तुमची फाइल काढा आणि चार गोष्टी शोधा : थायरॉइड, सीलिॲक आजाराची (यात गहू आतड्याला सोसत नाही) रक्तातली टीटीजी चाचणी, शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज असेल तर ते वाढतं) आणि एच. पायलोरी या जठरातल्या जंतूची चाचणी. यातली शेवटची तुमच्या बाबतीत महत्त्वाची, कारण ॲसिडिटीची गोळी चालू असताना ही चाचणी केली तर जंतू असूनही ‘नाही’ असा निकाल येऊ शकतो. निदान दोन आठवडे गोळी बंद ठेवून मग चाचणी करायची असते. एंडोस्कोपीच्या वेळी गोळी चालू होती का, आठवून पाहा. सीलिॲकचंही असंच : कुणाच्या सांगण्यावरून तुम्ही गहू सोडला असेल तर ती चाचणीही फसते.

आणखी काही गोष्टी तुमच्या पत्रात नाहीत, म्हणून विचारतो. वजन आपोआप घटलंय का? शौचातून रक्त, किंवा डांबरासारखं काळं शौच? जुलाबानं मध्यरात्री झोपमोड होते का? गिळताना घास अडकतो? हिमोग्लोबिन कमी होत चाललंय? जवळच्या नात्यात कुणाला आतड्याचा किंवा बीजकोशाचा कर्करोग? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर सुयांचा विषय बाजूला ठेवा आणि आधी पोटाच्या तज्ज्ञांकडे जा. आयबीएस सहसा झोपेतून उठवत नाही आणि वजनही घटवत नाही.

यकृताची तपासणी पुन्हा करू नका. ‘यकृतातली ऊर्जा तुंबली’ हे चिनी वैद्यकातल्या एका लक्षणसमूहाचं नाव आहे : चिडचिड, ताण, फुगलेलं पोट, ताण आला की जुलाब. त्याचा तुमच्या एसजीपीटी या यकृताच्या रक्तचाचणीशी किंवा सोनोग्राफीत दिसणाऱ्या यकृताशी संबंध नाही. तपासायला गेलात तर कधीतरी एखादा आकडा काठावरचा निघेल आणि हात दाखवून अवलक्षण होईल. मात्र उलट दिशेनंही तेवढंच सावध राहा. जीभ आणि नाडी पाहून कुणी ‘तुमच्या आतड्याला सूज नाही’ असं सांगत असेल, तर ते त्यांना कळणं शक्य नाही.

ताणाचं आणि पोटाचं नातं मात्र या परंपरेनं फार लवकर ओळखलं, याचं श्रेय द्यायला हवं. १२३२ साली मंगोल फौजांनी काइफेंग शहराला वेढा घातला होता. ली दोंगयुआन नावाचे वैद्य तेव्हा तिथे होते. वेढा उठल्यावर माणसं पटापट मरू लागली. बाकीचे वैद्य बाहेरून आलेल्या रोगाचे उपचार करत होते. ली यांचं म्हणणं पडलं की उपासमार, अतिश्रम आणि भीती यांनी या लोकांचं पचनच आधी खचलंय, आणि बाकीचं त्यातून आलंय. पुढे आयुष्याच्या शेवटी त्यांनी यावर ग्रंथ लिहिला आणि चिनी वैद्यकात पचन सांभाळण्याला मध्यवर्ती जागा मिळाली. त्यांचं त्या साथीचं निदान बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण भीती आणि पोट यांची सांगड घालणारा माणूस बिनडोक नव्हता, एवढं तुमच्या यजमानांना सांगायला हरकत नाही.

आता सुया. पश्चिमेकडे ॲक्युपंक्चरचा गाजावाजा सुरू झाला तोच मुळी पोटातल्या वाऱ्यावरून, ही मला नेहमी गंमत वाटते. जुलै १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग) असताना त्यांच्या अपेंडिक्सचं तातडीचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नेहमीच्या भुलीच्या औषधांवर झालं. ‘सुयांनी भूल दिली’ ही नंतर पसरलेली दंतकथा. सुया आल्या दुसऱ्या रात्री, पोट फुगून अस्वस्थ झाल्यावर : उजव्या कोपरात आणि दोन्ही गुडघ्यांखाली. शिवाय पोटाजवळ जळत्या वनस्पतीचा शेक. तासाभरात पोट मोकळं झालं, असं त्यांनी लिहिलं, आणि अमेरिकेत झुंबड उडाली. आता, अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत आतडी आपली आपण चालू होतात आणि वारा सरतो. सुयांमुळे झालं की वेळ झाली म्हणून झालं, हे एका माणसाच्या अनुभवावरून ठरत नाही. तुमच्या त्या ‘हलकं वाटलं’चंही तेच. ते खरं होतं. कशामुळे, हे एका दिवसावरून कळत नाही.

ते शोधण्यासाठी खोट्या सुया लागतात. एक प्रकारची सुई टेकवली की टोक सुईच्याच दांड्यात मागे सरकतं. टोचल्यासारखं वाटतं, पण ती आत जात नाही. आयबीएसवर अशा तुलना झाल्या आणि २०१२ मध्ये कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात १७ चाचण्या, १,८०६ रुग्ण एकत्र पाहिले गेले. त्यांतल्या पाच चाचण्यांत खोट्या सुयांशी तुलना होती, आणि खऱ्या-खोट्यांमध्ये फरक दिसला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या २३३ रुग्णांच्या एका चाचणीत नेहमीच्या उपचारांसोबत आठवड्याला एक अशा दहा सिटिंग दिल्या, तर नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा बरं वाटलं. यात खोटी सुई नव्हतीच. दोन्ही निकाल एकत्र ठेवले की चित्र असं दिसतं : सुया लावून घेणाऱ्या आयबीएसच्या रुग्णाला बरं वाटतं, पण ते टोचण्यामुळेच वाटतं असं म्हणता येत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना तर आयबीएससाठी ॲक्युपंक्चरला प्रोत्साहन देऊ नका असंच सांगतात.

मग कशामुळे वाटतं? हार्वर्डच्या टेड कॅप्चक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी तुमच्या पत्राचंच उत्तर आहे असं वाटतं. २६२ आयबीएस रुग्णांचे तीन गट. पहिला नुसता प्रतीक्षा यादीवर. दुसऱ्याला खोट्या सुया, तज्ज्ञ फारसं बोलत नाही. तिसऱ्यालाही खोट्याच सुया, पण पहिल्या भेटीत पाऊण तास विचारपूस : त्रास कधी होतो, त्यामुळे आयुष्यात काय अडतं, तुम्हाला स्वतःला कारण काय वाटतं. नाडी हातात धरून वीस सेकंद विचारमग्न शांतता, हेसुद्धा ठरवून दिलेलं होतं! तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला असं सांगणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४ आणि तिसऱ्यात ६२. एकाही रुग्णाला खरी सुई टोचलेली नव्हती.

तुमच्या पत्रात ‘खूप वेळ बोलले’ असे शब्द आहेत. दोन वर्षांत बाकी कुणाबद्दल तुम्ही असं लिहिलेलं नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पण तुमचा त्रास निव्वळ आयबीएसचा दिसत नाही. चार घासांत पोट भरणं, जेवणानंतर डब्ब होणं, हे वरच्या भागातलं, जठराचं लक्षण आहे. त्याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात, आणि तो आयबीएसबरोबर पुष्कळांना असतो. इथे सुयांची बाजू थोडी जड होते. २०२० मध्ये चीनमधल्या पाच रुग्णालयांत याच तक्रारीच्या २७८ रुग्णांची चाचणी झाली. चार आठवड्यांत बारा सिटिंग. खऱ्या सुयांच्या गटात ८३ टक्के लोकांना फरक वाटला, तर भलत्याच जागी लावलेल्या सुयांच्या गटात जवळपास ५२ टक्के. जेवणानंतरचं फुगणं, लवकर पोट भरणं आणि पोटाच्या वरच्या भागातला गच्चपणा हे तिन्ही पूर्ण गेलेले लोक मात्र २८ आणि १७ टक्के. म्हणजे बहुतेकांचा त्रास कमी झाला, गेला नाही. दीर्घकालीन, तीव्र बद्धकोष्ठतेवरही चीनमध्येच २०१६ मध्ये १,०७५ रुग्णांची मोठी चाचणी झाली होती : सुयांतून सौम्य वीजप्रवाह, आठ आठवड्यांत २८ सिटिंग. आठवड्यातून सरासरी तीनदा किंवा जास्त वेळा पोट नीट साफ होणारे ३१ टक्के, खोट्या उपचारात १२. तुमचा प्रकार तो नाही, तुमचा आलटून-पालटून होणारा आहे, त्यामुळे हे आकडे दाखवून कुणी तुम्हाला २८ सिटिंग विकू नयेत. या चाचण्यांत सुया लावणाऱ्याला खरी कुठली आणि खोटी कुठली हे माहीत असतंच, त्यामुळे हे निकाल मी थोडं हातचं राखूनच वाचतो.

गुडघ्याखालची ती जागा, गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटं खाली आणि नडगीच्या बाहेर एक बोट, तिला झुसानली म्हणतात. पोटासाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा बिंदू हाच. २०२१ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात दिसलं की मागच्या पायातल्या या भागाला विशिष्ट तीव्रतेचा विद्युतप्रवाह दिला की तिथल्या खोल ऊतींतल्या चेतापेशींमार्फत व्हेगस चेतेपर्यंत संदेश जातो आणि शरीरातली सूज कमी होते. व्हेगस ही मेंदूपासून जठर-आतड्यांपर्यंत जाणारी मुख्य चेता. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण ‘पायात टोचून पोटाचं काय होणार’ हा प्रश्न आता तितका हास्यास्पद राहिलेला नाही.

तेव्हा हिशेब असा करा. दहा-बारा सिटिंग, चार ते सहा आठवडे, पैसे प्रत्येक वेळी. सुरू करण्याआधी दोन आठवडे वही ठेवा : रोज शून्य ते दहामध्ये फुगणं किती, पोट किती वेळा आणि कसं साफ झालं, झोप. सहाव्या सिटिंगला वही उघडा. आकडा हललाच नसेल तर थांबा. चोवीसचं पॅकेज आगाऊ विकण्यामागे वैद्यकीय कारण मला तरी माहीत नाही. सुया सीलबंद, एकदाच वापरायच्या, तुमच्यासमोर उघडलेल्या हव्यात. यावर तडजोड नाही, कारण पुन्हा वापरलेल्या सुयांतून हेपेटायटिस बी पसरल्याची उदाहरणं जगभर आहेत. तुम्ही रक्त पातळ होण्याची गोळी घेत असाल, पेसमेकर असेल किंवा दिवस गेलेले असतील तर आधी सांगा. पोटाच्या त्रासाला छातीवर किंवा खांद्याजवळ खोल सुया लावायची गरज नसते. तिथे फुफ्फुसाला छिद्र पडल्याच्या घटना दुर्मीळ आहेत, पण आहेत. ते प्रशिक्षित आणि जिथे असा कायदा आहे तिथे नोंदणीकृत आहेत का, हे सरळ विचारा. चांगला माणूस रागावत नाही.

पुड्यांबद्दल मी इतका मऊ राहणार नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समधल्या एका वजन कमी करण्याच्या क्लिनिकमध्ये चिनी वनस्पतींचं मिश्रण दिलं जात होतं. त्यात स्टेफानिया नावाची वनस्पती असायला हवी होती. तिच्या जागी, चिनी नाव जवळपास सारखं म्हणून, ॲरिस्टोलोकिया आली. शंभराहून अधिक जणांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडं खराब झाली. कित्येकींना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागलं, आणि पुढे त्यांतल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. तिथले डॉक्टर लबाड होते असं नाही. पुडीत काय आहे हे कुणी तपासलंच नव्हतं. नाव नसलेली पुडी तुम्ही कशाच्या भरवशावर घेणार?

आणि बरोबर वनस्पती असली तरी ती औषधच आहे, औषधासारखीच वागते. पोट साफ होण्याच्या चिनी मिश्रणांत दाहुआंग, म्हणजे रेवाचिनी, बऱ्याचदा असते. ती सोनामुखीच्या जातीचं रेचक आहे. पहिल्या आठवड्यात उत्तम वाटेल, आणि तुमच्या जुलाबाच्या सकाळी नको तेवढं. गानत्साओ, म्हणजे ज्येष्ठमध, जवळजवळ प्रत्येक काढ्यात असतं. जास्त दिवस जास्त मात्रेत घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. गार्डेनियाचं फळ असलेली मिश्रणं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्याच्या शिरा कडक झाल्याची प्रकरणं जपान आणि तैवानमध्ये नोंदलेली आहेत. पोटाच्या तक्रारीसाठी घेतलेल्या औषधानं आतडंच बिघडावं, याला रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात. शिवाय बेनाम पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं सापडणं नवं नाही. ‘जादूसारखा गुण’ आला की मला आधी तीच शंका येते.

चिनी वनस्पती निरुपयोगीच आहेत असं मात्र नाही. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ११६ आयबीएस रुग्णांच्या चाचणीत त्यांना खोट्या कॅप्सूलपेक्षा जास्त गुण आला होता, आणि प्रत्येकासाठी वेगळं मिश्रण बनवलेल्यांचा गुण उपचार थांबल्यावरही टिकला. नंतर हाँगकाँगमध्ये जुलाबाच्या प्रकारच्या ११९ रुग्णांवर एक ठरावीक मिश्रण वापरलं, त्यात काहीच फरक दिसला नाही. पण या दोन्ही ठिकाणी कॅप्सूल-काढ्यात काय आहे ते लिहिलेलं होतं. तुमच्या गृहस्थांना सांगा, प्रत्येक घटकाचं शास्त्रीय नाव आणि मात्रा कागदावर लिहून द्या. दिलं तर तो कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. नाही दिलं तर पुड्या त्यांच्याच टेबलावर ठेवून या.

सुयांच्या जोडीला, किंवा सुयांऐवजी, आयबीएसला बऱ्यापैकी पुरावा असलेले उपाय आहेत आणि तुम्हाला त्यांतला एकही कुणी दिलेला दिसत नाही. इसबगोल, थोड्यापासून वाढवत. कोंडा नको, त्यानं फुगणं वाढतं. आतड्यात जाऊन उघडणाऱ्या पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल (छातीत जळजळ असेल तर जपून). आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली चार-सहा आठवड्यांचा लो-फॉडमॅप आहार (आतड्यात आंबून वारा करणाऱ्या साखरा कमी असलेला), आणि मग एकेक पदार्थ परत आणणं. तो कायमचा पाळायचा नसतो, हे बहुतेक जण विसरतात. पोटासाठीचं संमोहन किंवा सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारा मानसोपचार. आणि अगदी कमी मात्रेतलं ॲमिट्रिप्टिलीन : २०२३ मध्ये ४६३ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत त्याचा फायदा स्पष्ट दिसला. ते नैराश्यासाठी म्हणून नव्हे, आतडं आणि मेंदू यांच्यातले वेदनेचे संदेश मंद करण्यासाठी देतात.

यजमानांच्या ‘मनाचे खेळ’बद्दल. खोट्या सुईनं ६२ टक्क्यांना आराम पडला म्हणून त्यांचा त्रास खोटा होता असं ठरत नाही. आतड्यात स्वतःचं चेतांचं जाळं आहे, ते मेंदूशी दोन्ही दिशांनी बोलतं, आणि आयबीएसमध्ये हे संभाषणच बिघडलेलं असतं. मीटिंगच्या सकाळी तुमचं आतडं खरोखर जोरात आकुंचन पावतं. त्यांना पहिल्या सिटिंगला सोबत न्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. चिडवणार असतील तर नेऊ नका. सिटिंगचा तो वेळ शांततेत जाणं हाही उपचाराचाच भाग आहे.

राहिली गोळी. वर्षभर घेऊन फरक नसेल तर ती बंद व्हायलाच हवी, इथे ते गृहस्थ अगदी चूक नाहीत. पण ती ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोलच्या जातीची असेल तर एकदम सोडल्यावर काही दिवस आम्ल उसळी मारतं आणि कधी नव्हती तेवढी जळजळ होते. ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारून मात्रा उतरवत न्या. पूर्ण थांबली की दोन आठवड्यांनी एच. पायलोरीची श्वासाची किंवा शौचाची चाचणी करा. वही तेव्हाच सुरू करा. जंतू सापडला तर आधी त्याचा कोर्स. नाही सापडला तर सुया. गोळी सोडणं आणि सुया लावणं एकाच आठवड्यात करू नका, नाहीतर कशानं बिघडलं आणि कशानं सुधारलं हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही पुढच्या पत्रात सांगता येणार नाही.